मरीन ड्राइव्हचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरीन ड्राइव्हबद्दल आम्हाला येणारे प्रश्न साधारण तेच तेच असतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. हा किनारा निसर्गाने दिलेला नाही. समुद्रात भिंत घातली, तिच्या मागे भराव टाकला आणि त्या भरावाच्या कडेने रस्ता काढला. रस्त्याची वळणदार रेघ, इमारतींची उंची, पावसाळ्यात उसळणारे पाणी, यांतले काहीही समजून घ्यायचे तर सुरुवात भिंतीपासून करावी लागते.

मरीन ड्राइव्ह नेमका कुठून कुठपर्यंत?

दक्षिणेला नरिमन पॉइंट, उत्तरेला गिरगाव चौपाटी ओलांडून मलबार हिलचा पायथा. लांबी सुमारे ३.६ किलोमीटर, मार्गिका सहा. सरकारदरबारी नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा, तो 'म्हणजे मरीन ड्राइव्ह ना?' असे विचारून खात्री करून घेईल. चौपाटीकडच्या भागाचे जुने नाव केनेडी सी फेस. जुन्या पत्रव्यवहारात आणि नकाशांत तेच सापडते.

रस्ता होण्याआधी इथे काय होते?

पाणी. आज आपण जिथे कट्ट्यावर बसतो तिथे, चर्चगेटच्या बाजूला तर नक्कीच, बॅकबेचा समुद्र होता. कुलाब्याचे टोक आणि मलबार हिलचे टोक यांच्यामधली ही उथळ खाडी. ओहोटीला खडक आणि चिखल उघडा पडायचा.

शहराची समुद्राकडची कड म्हणजे क्वीन्स रोड, आजचा महर्षी कर्वे मार्ग. त्याला खेटून बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे रूळ. चर्चगेट स्टेशन १८७० चे आणि तिथून पुढे कुलाब्यापर्यंत गाडी १८७३ पासून जाऊ लागली. म्हणजे साठ-सत्तर वर्षे मुंबईकर आणि समुद्र यांच्या मध्ये आगगाडी होती. मरीन लाइन्स हे नाव तिथल्या मरीन बटालियनच्या लष्करी वस्तीवरून आले, समुद्रकाठच्या रस्त्यावरून नव्हे. स्टेशनाचे नाव रस्त्यापेक्षा जुने आहे.

रुळांच्या पश्चिमेला थोडी पट्टी मोकळी होती. तिच्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जिमखाने आले: पारशी, हिंदू, इस्लाम. आज ते रस्त्याच्या आतल्या बाजूला दिसतात. ते बांधले गेले तेव्हा त्यांच्यापुढे समुद्रच होता.

समुद्र बुजवायची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

कापसाच्या पैशाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा नुसता वाहत आला. त्या लाटेत बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. बॅकबे भरून जमीन विकायची, असा बेत. शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्यातले सर्वांत मोठे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर कंपनीही बुडाली. उरले ते किनाऱ्यालगतच्या भरावाचे थोडे काम, आणि पुढे त्या पट्टीचा रेल्वेला उपयोग झाला.

मग मरीन ड्राइव्हबद्दल '१९१५' हे साल सांगतात, ते कशाचे?

केनेडी सी फेसचे. चौपाटीकडच्या भागाचे काम १८ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाले आणि १९२० मध्ये पुरे झाले. म्हणून २०१५ मध्ये 'मरीन ड्राइव्ह शंभर वर्षांचा झाला' अशा बातम्या आल्या. त्या अर्ध्याच खऱ्या आहेत. शंभर वर्षांचे झाले ते उत्तरेकडचे टोक. मधला आणि दक्षिणेचा रस्ता त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला.

याच १९२० च्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांवर चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार झाले. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. सी फेस तेव्हा नुकताच तयार होत होता.

लॉइड साहेबांची योजना काय होती आणि ती का फसली?

या विषयात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सर जॉर्ज लॉइड डिसेंबर १९१८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. जागेची टंचाई होती, भाडी भडकली होती. त्यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते काढले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी ज्या खात्याने बांधल्या, तेच हे खाते. चाळींच्या नावातले 'बीडीडी' ही त्याचीच आद्याक्षरे.

बॅकबेचा आराखडा असा होता: बंदरांचे तज्ज्ञ सर जॉर्ज ब्युकॅनन यांच्या सल्ल्याने, चौपाटीच्या बाजूपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत समुद्रात एक लांब भिंत घालायची. आतल्या पाण्याचे आठ भाग पाडायचे, त्यांना ब्लॉक म्हणायचे. सगळे मिळून १,१४५ एकर. उत्तरेचे १ आणि २, दक्षिणेचे ७ आणि ८, मधले ३ ते ६.

काम करायची रीत चार टप्प्यांची होती.

१. दगडाचा पाया. कांदिवलीच्या खाणीतला दगड रेल्वेने आणून समुद्रात रांगेने टाकायचा.

२. त्या ढिगावर काँक्रीटची भिंत उभी करायची.

३. मुंबई बंदराच्या बाजूला, म्हणजे कुलाब्याच्या पूर्वेला, ड्रेजरने समुद्रतळाचा चिखल उपसायचा. त्यासाठी खास बांधून आणलेल्या ड्रेजरचे नावही 'सर जॉर्ज लॉइड'च होते.

४. तो चिखल पाण्यात कालवून मोठ्या नळांतून कुलाब्याची चिंचोळी पट्टी ओलांडून बॅकबेत ढकलायचा. चिखल खाली बसेल, पाणी निघून जाईल, जमीन तयार.

कागदावर सोपे होते. फसले ते तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर, आणि दोन्हीचे कारण आधी नीट तपासणी न होणे हेच.

बंदराच्या तळाशी मऊ चिखल भरपूर मिळेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात चिकट, घट्ट माती लागली. ड्रेजर तासाला जेवढा माल उपसेल असे ठरवले होते, त्याच्या जवळपासही तो पोचेना. जो चिखल भिंतीआड येऊन पडला, तो तिथे राहीना. भिंतीचा पाया म्हणजे मोकळ्या दगडांचा ढीग. दगडांमधल्या फटी बुजवलेल्या नव्हत्या. भरती आली की समुद्र आत शिरे, ओहोटीला बाहेर जाताना पातळ झालेला चिखल सोबत घेऊन जाई. चाळणीत ताक ओतावे तसा प्रकार. दगडाच्या बांधाआड कोरडा मुरूम भरला असता तर तो टिकला असता. पातळ रबडी टिकणे शक्यच नव्हते.

खर्चाचा सुरुवातीचा अंदाज चार कोटींच्या आसपास होता, तो काही वर्षांत सात कोटींवर गेला. १९२६ मध्ये मिअर्स समितीने चौकशी केली. मधले ब्लॉक सोडून द्यावेत आणि जे हातात आहे ते कोरड्या भरावाने पुरे करावे, या दिशेने पुढची पावले पडली. शेवटी १,१४५ पैकी सुमारे ४४० एकर जमीन हाती आली. त्यातली २३५ एकरांच्या आसपास दक्षिणेकडची जमीन लष्कराला विकली गेली. मरीन ड्राइव्ह ज्यावर उभा आहे तो उत्तरेकडचा तुकडा, म्हणजे ब्लॉक १ आणि २.

नरिमन पॉइंट कुणाच्या नावाने आहे?

खुर्शेद फ्रामजी नरिमन यांच्या. ते वकील, काँग्रेसचे पुढारी, पुढे मुंबईचे महापौर. बॅकबेच्या कामातल्या उधळपट्टीवर आणि गैरव्यवहारावर त्यांनी कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांतून तुटून हल्ला चढवला. खात्यातले अभियंते हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. या खटल्यामुळे आतली कागदपत्रे लोकांसमोर आली, म्हणून मुंबईच्या इतिहासात त्याला एवढे महत्त्व. ज्या भरावाविरुद्ध ते लढले, त्याच्याच टोकाला आज त्यांचे नाव आहे.

नरिमन पॉइंटची जमीनही त्याच वेळी भरली का?

नाही. ती नंतरची. सोडून दिलेल्या मधल्या ब्लॉकचा काही भाग १९६० आणि ७० च्या दशकांत भरला गेला, तेव्हा नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे उंच मनोरे आले. एअर इंडियाची इमारत १९७४ ची. म्हणून दक्षिण टोकाला उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर पाठीमागे उंच मनोरे आणि समोर बुटक्या इमारतींची सलग रांग दिसते. दोन्हींमध्ये तीस-चाळीस वर्षांचे अंतर आहे.

मग आज दिसतो तो रस्ता कधी आणि कुणी बांधला?

१९३० च्या दशकात. भराव बसल्यावर, टप्प्याटप्प्याने. चर्चगेट ते कुलाबा रेल्वे ३१ डिसेंबर १९३० ला बंद झाली. त्याच महिन्यात बॉम्बे सेंट्रल सुरू होऊन लांबच्या गाड्या तिकडे गेल्या होत्या. रूळ निघाल्यामुळे चर्चगेटच्या दक्षिणेची जमीन आणि नवा भराव यांच्यातला अडसर गेला.

बांधकामाशी दोन नावे जोडलेली आहेत: पालनजी मिस्त्री आणि भागोजी शेठ कीर. भागोजी शेठ रत्नागिरीचे, गरिबीतून वर आलेले कंत्राटदार. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर (१९३१) त्यांनीच बांधून दिले, सर्व जातींना दर्शन खुले असलेले. दादर चौपाटीची स्मशानभूमीही त्यांच्या देणगीतली. मुंबईच्या या रस्त्याशी कोकणाचा धागा जोडला जातो तो इथे, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायलाच हवा.

रस्ता काँक्रीटचा का केला?

भरावाची जमीन वर्षानुवर्षे थोडी थोडी खचत राहते, वरून खारे पाणी उडत असते. डांबर लवचीक असते, पण पाणी साचले आणि खालचा थर हलला की ते उखडते. काँक्रीटची जाड फरशी वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवते, त्यामुळे खाली थोडी जागा बसली तरी वर लगेच खड्डा पडत नाही. हा रस्ता १९४० चा धरला जातो, आणि त्याचे संपूर्ण नव्याने पृष्ठभागीकरण करायचे महापालिकेने ठरवले ते २०१२ मध्ये. सत्तर वर्षे टिकलेला रस्ता मुंबईत दुसरा दाखवणे कठीण.

इमारती सगळ्या एकाच उंचीच्या कशा?

जमीन सरकारची. भूखंड भाडेपट्ट्याने दिले ते अटी घालून: उंची ठरलेली, समोरची रेषा ठरलेली, बांधकाम पक्के. पाच-सहा मजल्यांच्या वर कुणी गेले नाही आणि सगळ्यांचे माथे एका ओळीत आले.

शैली आर्ट डेको. त्या काळात सिमेंट स्वस्त झाले होते आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट ही नवी गोष्ट होती. त्यातून दगडी कमानींऐवजी गोलसर कोपरे, लांब सपाट छज्जे, बाहेर झेपावणारे सज्जे करता येऊ लागले. आर्ट डेको इमारत ओळखायची तर या खुणा पाहा: कोपरा काटकोनात न संपता वळलेला; खिडकीवर भुवईसारखा छज्जा, ऊन-पाऊस अडवणारा; गच्चीचे आणि सज्ज्याचे कठडे जहाजाच्या डेकवर असतात तसे आडव्या नळ्यांचे; दर्शनी भागावर उभ्या किंवा आडव्या पट्ट्या; आणि इमारतीचे नाव ठसठशीत, उठावदार अक्षरांत. फाटकाच्या जाळीतही लाटा, सूर्यकिरण, कारंजी सापडतात. थोडे थांबून जाळ्या बघाव्यात, बहुतेक लोक समुद्राकडे तोंड करून त्या चुकवतात.

चर्चगेटच्या कोपऱ्यावरचे सूना महल १९३७ चे, आर्किटेक्ट गजानन म्हात्रे यांचे. या घडणीतले ते अग्रणी नाव. गोल मनोऱ्यासारखा वर गेलेला त्याचा कोपरा दुरूनही ओळखू येतो. याच भरावावर ब्रेबॉर्न स्टेडियम आले, ७ डिसेंबर १९३७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वानखेडे त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी.

३० जून २०१८ रोजी 'मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हकडे आर्ट डेको, अशी त्याची रचना आहे.

इतक्या चांगल्या इमारतींचे पोपडे का निघतात?

मीठ. समुद्रावरून येणाऱ्या बारीक तुषारांत क्लोराइड असते. ते काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत मुरत जाते आणि सळीपर्यंत पोचले की तिच्यावरचा संरक्षक थर मोडते. सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब येतो आणि काँक्रीट फुटते. आधी सळीच्या रेषेत बारीक चीर, मग तपकिरी डाग, मग पोपडा. सज्जे आणि छज्जे आधी जातात, कारण ते पातळ असतात आणि तीन बाजूंनी ओले होतात.

वरून गिलावा करून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत सगळे परत बाहेर येते. योग्य दुरुस्ती अशी: सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत फोडून काढायचे, सळी घासून चकचकीत करायची, फार झिजली असेल तर जोड सळी द्यायची, गंजरोधक लेप, मग जोडलेप, मग पॉलिमर मिसळलेला मॉर्टर थरांत भरायचा, आणि तो नीट पाणी मारून पिकू द्यायचा. वारसा इमारतीत आणखी एक पथ्य: छज्जाची मूळ जाडी आणि गोलाई जशीच्या तशी यायला हवी. ठोकळा छज्जा बसवला की इमारतीचा चेहराच जातो. ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून सज्जे बंद करणे हे त्याहून मोठे नुकसान, आणि ते रोज डोळ्यांदेखत होत आहे.

किनाऱ्यावरचे ते चार पायांचे दगड कशासाठी?

ते दगड नव्हेत, काँक्रीटचे टेट्रापॉड आहेत. १९५० मध्ये फ्रान्समध्ये ग्रनोब्लच्या जलप्रयोगशाळेत या आकाराचा शोध लागला. मरीन ड्राइव्हला ते मूळ बांधकामात नव्हते, नंतर टाकले गेले.

उभ्या भिंतीवर लाट आदळली की तिचा सगळा जोर भिंतीवर येतो, पाणी सरळ वर उडते आणि मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. टेट्रापॉडच्या ढिगात जवळजवळ अर्धी जागा पोकळ असते. लाट त्या फटींत घुसते, तुकडे तुकडे होते, आतच तिचा जोर जिरतो. पाय एकमेकांत अडकतात, म्हणून ढीग ढळत नाही.

बिघडते काय? पायथ्याची वाळू वाहून गेली की खालचे टेट्रापॉड रुततात, वरचे सरकतात, पाय मोडतात. कुठे एक खिंडार पडले की लाट तिथून थेट भिंतीवर येते. कोस्टल रोडच्या कामात काही भागातले टेट्रापॉड हलवले गेले, तेव्हा समोरच्या इमारतींमधल्या रहिवाशांनी भरतीच्या वेळी हादरे जाणवत असल्याची तक्रार केली होती. भिंतीचे काम किती या ढिगावर अवलंबून आहे, ते त्यावरून कळते.

त्यांच्यावर उतरू नका. शेवाळामुळे पाय सरकतो, आणि खाली पडलेला माणूस फटीत अडकतो. वरून हात पोचत नाही, दोर टाकायला सरळ जागा नसते आणि भरती चढत असते.

पावसाळ्यात लाटा कधी उसळतात? 'साडेचार मीटरची लाट' म्हणजे काय?

ही चूक बातम्यांतही होते. साडेचार किंवा ४.८ मीटर ही भरतीची उंची असते, लाटेची नव्हे. ठरावीक तळपातळीपासून समुद्राचे पाणी किती चढेल, त्याचा तो आकडा. त्या पाण्यावर लाट किती मोठी येईल ते वाऱ्यावर ठरते. म्हणून जानेवारीतल्या मोठ्या भरतीला कट्टा कोरडा असतो, आणि जुलैमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला असताना तेवढीच भरती रस्ता भिजवते. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर करते, ती यादी पाहा.

यादी हाताशी नसेल तर कोळी आणि कोकणातली जुनी माणसे वापरतात तो हिशेब करा. तिथीची पाऊणपट काढा, तितके वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही, मध्ये बारा तासांहून थोडे जास्त अंतर. प्रत्यक्ष वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, बहुधा उशिराच. पाणी सर्वांत जास्त चढते ते पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, ते उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा भरतीही बेताची आणि ओहोटीही.

अनंत चतुर्दशीला चौपाटीवर विसर्जनाचा खोळंबा का होतो, तेही यावरूनच समजते. चौदा गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. सकाळी आणि रात्री उशिरा पाणी वर, दुपारी खूप दूर. मोठ्या मूर्तीच्या तराफ्याला पाण्याची नेमकी खोली लागते, आणि ती दिवसात थोडाच वेळ मिळते.

'क्वीन्स नेकलेस' हे नाव कशावरून?

रात्री मलबार हिलवरून पाहिले की वळणावरचे दिवे मोत्यांच्या माळेसारखे दिसतात, म्हणून. २०१५ मध्ये पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मोठा वाद झाला, उच्च न्यायालयापर्यंत विषय गेला आणि पुढे पिवळसर प्रकाशाचे एलईडी आले.

सूर्यास्त कुठून चांगला दिसतो?

नरिमन पॉइंटकडून. इथून वर्षभर सूर्य मोकळ्या समुद्रात बुडतो. चर्चगेटसमोर डिसेंबर-जानेवारीत उत्तम, पण जूनच्या सुमारास सूर्य उत्तरेला सरकून थेट मलबार हिलच्या टोकावर येतो. चौपाटीवरून तो बाराही महिने डोंगराआडच जातो. चौपाटीवर जाऊन 'सूर्यास्त दिसला नाही' म्हणणाऱ्यांचे कारण हेच.

कोस्टल रोड म्हणजे मरीन ड्राइव्हचाच पुढचा भाग का?

दोन्ही जोडलेले आहेत, पण काम वेगळे आणि स्वभावही वेगळा. पश्चिम किनाऱ्याने वेगवान रस्ता हवा, ही सूचना विल्बर स्मिथ या सल्लागारांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केली होती. प्रत्यक्ष काम २०१८ मध्ये सुरू झाले. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सी लिंकच्या वरळी टोकापर्यंत १०.५८ किलोमीटर. मलबार हिलखालून दोन जुळे बोगदे, प्रत्येकी दोन किलोमीटरहून थोडे लांब, 'मावळा' नावाच्या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राने खणलेले. मार्च २०२४ मध्ये वरळीहून मरीन ड्राइव्हकडे येणारी बाजू उघडली, जूनमध्ये जाणारी बाजू हाजीअलीपर्यंत, आणि जानेवारी २०२५ पर्यंत पूर्ण रस्ता. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव त्याला दिले आहे. टोल नाही. दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. वेगमर्यादा सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर ४०.

मरीन ड्राइव्ह फिरण्यासाठी झाला, कोस्टल रोड पोचण्यासाठी. एकाच्या जागी दुसऱ्याचे माप लावू नये.

चालत बघायचा असेल तर कसा बघावा?

चर्चगेटला उतरा, वीर नरिमन मार्गाने पश्चिमेला पाच-सात मिनिटांत समुद्र. आधी डावीकडे नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत जाऊन या, मग उत्तरेकडे चालू लागा. न थांबता पूर्ण रस्ता पाऊण तासाचा, बघत गेलात तर दोन तासांचा. मध्ये दमलात तर मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड, दोन्ही स्टेशने रस्त्याला लागूनच आहेत. रस्ता मध्येच कुठेही ओलांडू नका, सिग्नल गाठा. गाड्या वळणावरून वेगात येतात. दुपारी बारा ते चार सावली अजिबात नाही. पावसाळ्यात उधाणाच्या तासाभर आधी आणि नंतर कठड्यापासून लांब, इमारतींच्या बाजूच्या पदपथाने चाला. लाट पाण्याबरोबर खडी आणि प्लास्टिकही फेकते.

जुन्या भरावाच्या खुणा अजून कुठे दिसतात?

चर्चगेट ते मरीन लाइन्सच्या दरम्यान आतल्या बाजूच्या गल्ल्यांच्या पाट्या वाचा: ए रोड, बी रोड, सी रोड, डी रोड, पुढे जी रोडपर्यंत. जमीन नवी होती, तिथे कुणी राहिलेले नव्हते, जुने नाव नव्हते. आराखड्यावर आखणी करणाऱ्याने जी अक्षरे घातली तीच राहिली. वानखेडेजवळच्या डी रोडवर उभे राहून पूर्वेला पाहिले की गल्लीच्या शेवटी रेल्वेची भिंत दिसते. समुद्र पूर्वी जवळजवळ तिथपर्यंत होता.